नवा घेतलेला जुना रेंजफाइंडर: पहिला रोल घालण्याआधी काय तपासावं?

रोल३६

बरेच दिवस मनात असलेला कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ (कॅननचा जुना फिल्म कॅमेरा) अखेर हातात आला आहे. ४० मिमीची एफ १.७ काच (म्हणजे लेन्स), १/४ ते १/५०० सेकंद वेगांचं लीफ शटर (काचेतच बसवलेलं, पात्यांचं). बाहेरून अगदी नीटनेटका आहे, कुठे पोचा नाही की आवरण सुटलेलं नाही. विकणाऱ्याने 'चालू आहे' एवढंच सांगितलं होतं. आतापर्यंत मी डिजिटल आणि फिल्मचा एक एसएलआर वापरला आहे, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा रेंजफाइंडर हा प्रकार मला पूर्ण नवीन.

घरी आणल्यावर दिसलं ते असं: शटर कधी उडतं, कधी बटण अर्ध्यावर अडतं. मागचं झाकण उघडलं तर कडेच्या खाचांत काळा चिकट थर आहे, हाताला लागतो. व्ह्यूफाइंडरमधला पिवळसर चौकोन फिका आहे, आणि दूरच्या मनोऱ्यावर फोकस अनंतापर्यंत नेला तरी दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नीट बसत नाहीत. बॅटरी नव्हतीच.

सरळ एक रोल घालून बघू, की आधी दुरुस्तीला देऊ? काचेत मला तरी काही दिसत नाही, पण कसं बघायचं तेच ठाऊक नाही.

तांबडादिवा

अभिनंदन, फार गुणी कॅमेरा आहे. पण रोलही नको आणि दुरुस्तीही नको, इतक्यात तरी. जुन्या रेंजफाइंडरची बरीचशी तपासणी फिल्मशिवाय होते. ती न करता रोल घातला, तर प्रकाशगळती, चुकलेला वेग आणि सरकलेला फोकस हे सगळे दोष एकाच निगेटिव्हवर उमटतात आणि कोणता कुठला ते उलगडत नाही.

आधी ते अडणारं बटण. ॲपर्चरची (काचेतून किती उजेड आत येईल ते ठरवणाऱ्या छिद्राची) रिंग 'ए' वर आहे का बघा. या कॅमेऱ्यात 'ए' वर ठेवलं की वेग आपण द्यायचा आणि ॲपर्चर तो निवडणार. उजेड त्याच्या आवाक्याबाहेरचा असेल तर तो बटण मुद्दाम अडवतो. बॅटरी नसल्यावर मीटरची सुई हलतच नाही, म्हणजे त्याच्या लेखी कायम अंधार. रिंग एफ ८ वर आणा आणि पुन्हा दाबा. हाताने ॲपर्चर दिलं की मीटर बाजूला होतो आणि शटर निव्वळ यांत्रिक चालतं, सगळ्या वेगांना, बॅटरीशिवाय. अशाने कित्येक धडधाकट कॅनोनेट बंद समजले जातात.

ते चाललं तर झाकण उघडं ठेवून, काच उजेडाकडे धरून, मागून बघत एकेक वेग उडवा. १/४ पासून सुरुवात करा. वंगण वाळून घट्ट झालेलं असतं ते संथ वेगांनाच पहिल्यांदा कळतं: १/४ ला पाती उघडून तशीच राहतात, किंवा गुरगुरत अर्ध्यावर थांबून मग मिटतात. १/५०० ला एक क्षण गोल उजेड दिसला पाहिजे, आणि तो दर वेळी दिसला पाहिजे. एफ १६ ठेवून परत बघा, ॲपर्चरची पाती लगेच जागेवर येतात का, त्यांच्यावर तेलाची चकाकी आहे का. लीफ शटरच्या पात्यांवर तेल हा सर्वांत नेहमीचा आजार, कारण ती पाती कोरडीच चालायला हवीत.

सेल्फ टायमरच्या खटक्याला मात्र हात लावू नका. त्याचं घड्याळ शटरच्या घड्याळाहून जास्त पडून राहिलेलं असतं, आणि मधेच अडकलं तर काही कॅमेऱ्यांत शटरही सोबत अडकतं.

काच बघायची तर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं त्या खुणेवर) शटर उघडं धरा, ॲपर्चर पूर्ण उघडा, आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च समोरून नाही, तिरपा मारा. समोरून मारला तर प्रत्येक जुनी काच वाईट दिसते. धूळ सोडून द्या, थोडी धूळ फोटोत कधीच दिसत नाही. जाळीसारखे तंतू दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळ पडदा दिसला तर हेझ. हेझ फोटोत स्पष्ट कळतो: समोरून उजेड आला की काळे भाग करडे पडतात. समोरच्या काचेवरच्या बारीक रेषांपेक्षा मला हेझची चिंता जास्त वाटते.

भिंगरी

शटरचे वेग कानाने ओळखता येतात, पण मोजायचे असतील तर फोनच्या स्लो मोशनवर मोजा. फोन सेकंदाला २४० चौकटी घेत असेल तर मागचं झाकण उघडून, पलीकडे दिवा ठेवून, शटर उडताना रेकॉर्ड करा आणि नंतर उजेड दिसणाऱ्या चौकटी मोजा. १/४ ला साधारण ६० चौकटी आल्या पाहिजेत, १/८ ला ३०, १/३० ला ८. १/६० च्या पुढे ही पद्धत भरवशाची नाही, चौकटीच पुरत नाहीत.

१/८ ला ३० ऐवजी ३६ चौकटी आल्या तर घाबरू नका, तो जेमतेम पाव स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड आनंदाने पचवते. कमी पडलेला उजेड मात्र कशानेच भरून निघत नाही, म्हणून जुनं शटर थोडं हळू चालत असेल तर ते त्या मानाने सुदैव.

रोल३६

तांबडादिवा, रिंग 'ए' वरच होती! एफ ८ वर आणली आणि प्रत्येक वेळी उडतंय. फोनवर मोजलं, १/४ ला सुरुवातीला बराच उशीर करत होतं, पुन्हा पुन्हा उडवल्यावर सुधारलं. काच स्वच्छ दिसते, एका कडेला थोडी धूळ. आता तो फिका चौकोन आणि न जुळणारी प्रतिमा.

कृष्णधवल

हा भाग नीट समजून घ्या, कारण एसएलआरमधून आलेल्यांची इथेच गल्लत होते. एसएलआरमध्ये तुम्ही काचेतूनच बघता, त्यामुळे दिसतं तेच फिल्मवर जातं. रेंजफाइंडरमध्ये काच आणि अंतरमापक या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, एका तरफेने जोडलेल्या. दोन खिडक्यांतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर आणायच्या आणि काच तेवढ्याच अंतरावर आली आहे यावर विश्वास ठेवायचा. म्हणून 'प्रतिमा जुळत नाहीत' हा दोष आहे हे खरं, पण काच चुकली आहे की अंतरमापक, हे आधी ठरवलं पाहिजे. ते न ठरवता स्क्रू फिरवणं म्हणजे चालू असलेली गोष्ट बिघडवणं.

ठरवायची पद्धत साधी आहे. झाकण उघडा. फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर दुधट चिकटपट्टी ताणून, सपाट लावा. बी वर केबल रिलीजने शटर उघडं ठेवा, एफ १.७ करा, काच अनंताच्या टोकापर्यंत फिरवा आणि खूप दूरचं काही त्या पट्टीवर भिंगातून बघा. तिथे धारदार दिसतंय? मग काच बरोबर आहे आणि नुसता अंतरमापक सरकलाय, हे किरकोळ काम आहे. पट्टीवरही धूसर असेल तर काच कधीतरी उघडून चुकीची बसवलेली असू शकते, मग जाणकाराकडेच द्या.

दूरची वस्तू म्हणजे खरोखर दूरची घ्या. शंभर-दोनशे फुटांवरचा खांब नको. रात्री चंद्र उत्तम. आणि दोष आडवा आहे की उभा तेही बघा. दोन प्रतिमा डावी-उजवीकडे सरकलेल्या असतील तर अंतर चुकतं. एक वर, एक खाली असेल तर अंतर बरोबरच येतं, फक्त डोळ्याला जुळवायला त्रास होतो. दुसरी चाचणी जवळची: टेपने १ मीटर मोजून तिथे उभी रेघ असलेलं काही ठेवा, प्रतिमा जुळवा आणि काचेवरचा आकडा वाचा. मोजताना टेपचं टोक फिल्म असते त्या जागेपासून धरायचं, काचेच्या तोंडापासून नाही.

चौकोन फिका असण्याचं कारण बहुतेक वेळा धूळ आणि आतल्या अर्धपारदर्शक आरशाचा झिजलेला मुलामा. खिडक्या बाहेरून पुसून घ्या. आतली साफसफाई करणाऱ्याने तो आरसा चोळला तर मुलामाच निघून जातो, म्हणून हे काम कोणाच्याही हाती देऊ नका. तोवर एक उपाय: व्ह्यूफाइंडरच्या समोरच्या मोठ्या खिडकीवर, मध्यभागी, गडद रंगीत पारदर्शक कागदाचा छोटा तुकडा चिकटवा. मुख्य प्रतिमा तेवढ्या भागात काळवंडते आणि दुसरी उठून दिसते. दिसायला बरं नाही, पण संध्याकाळी फार उपयोगी पडतं.

दुर्बीण

१/४ अडत होतं ना? लायटरचं पेट्रोल काचेच्या कडेने शटरमध्ये सोडा, चार वेळा उडवा, लगेच मोकळं होतं. मी जुन्या कॅमेऱ्यांना हेच करतो.

तांबडादिवा

दुर्बीण, मोकळं होतं हे खरं, पण मी हा सल्ला देणार नाही. पेट्रोल जुनं वंगण विरघळवतं, काढून टाकत नाही. ते पातळ होऊन पात्यांवर आणि ॲपर्चरवर पसरतं, पेट्रोल उडून जातं आणि वंगणाचा थर तिथेच राहतो. शिवाय वाफ आतल्या काचांवर बसली तर आज स्वच्छ असलेली काच उद्या धुरकट. पेट्रोल वापरायचं तर पुढच्या काचा काढून, पाती उघडी करून, टिपून कोरडी करत वापरावं.

रोल३६ यांच्या शटरला त्याची गरजही दिसत नाही. पडून राहिलेलं शटर आठवडाभर रोज थोडं चालवलं की पुष्कळदा रुळतं. नाही रुळलं तरी १/१५ पासून वरचे वेग नीट असतील तर हा कॅमेरा हातात धरून वापरायला पूर्ण सक्षम आहे.

दुर्बीण

मान्य. माझ्या ज्या कॅमेऱ्यांवर चाललं त्यांच्या काचा आधीच उतरवलेल्या होत्या, ते लिहायला हवं होतं.

सांजवेळ

धाग्यात शिरते. माझ्याकडे झोर्की-४ (सोव्हिएत बनावटीचा रेंजफाइंडर) आला आहे. हेच सगळं त्यालाही लागू का?

कृष्णधवल

काच आणि अंतरमापकाचं सगळं लागू. शटरचं नाही, आणि एक गोष्ट आजपासूनच पाळा: झोर्की-४ मध्ये आधी शटर चढवायचं (फिल्म पुढे ओढून तयार करायचं), मगच वेगाची चकती उचलून फिरवायची. न चढवता फिरवलं तर आतली संथ वेगांची यंत्रणा मोडू शकते. शटर उडताना ती चकती फिरते, तिला बोट लागलं तर वेग चुकतो.

तुमचं शटर कापडी आहे, दोन पडदे. काच काढा, अंधारात झाकणाच्या बाजूने टॉर्च धरा आणि समोरून बघा; शटर चढवून आणि न चढवता दोन्ही वेळा, कारण दोन वेगळे पडदे समोर येतात. ठिपक्यांएवढा उजेड दिसला तर छिद्रं आहेत. आणि काचेचं टोपण काढून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवू नका. एसएलआरमध्ये मधे आरसा असतो. इथे काच थेट पडद्यावर सूर्य गोळा करते आणि कापड जळतं.

निळीशाई

याशिका इलेक्ट्रो ३५ (हाही जुना रेंजफाइंडर) घेणाऱ्या कोणासाठी, धाग्यात राहावं म्हणून लिहिते. फिल्म पुढे ओढताना आतून 'टक्' असा स्पष्ट आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतली छोटी रबरी गादी कुजली आहे, आणि मग उजेड कितीही असला तरी एक्सपोजर चुकत राहतं. बॅटरीशिवाय हा कॅमेरा फक्त १/५०० ला उडतो, त्यामुळे 'बटण चालतंय' याला इथे काही अर्थ नाही. याची मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची पाऱ्याची होती. आजची ६ व्होल्टची अडॉप्टरमध्ये घालून चालते, मीटर बिघडत नाही.

रोल३६

निळीशाई, बॅटरीचं माझंही सांगा. आणि तो काळा थर?

निळीशाई

कॅनोनेटला मूळची १.३५ व्होल्टची पाऱ्याची ६२५. ती आता बनत नाही. त्याच आकाराची अल्कलाइन १.५ व्होल्टची मिळते, पण तिने मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फोटो काळे पडतात. एएसए (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) कमी ठेवून भरपाई करता येते असं म्हणतात, पण अल्कलाइनचा व्होल्टेज वापरागणिक उतरत जातो, तेव्हा आजची भरपाई पुढच्या महिन्यात चुकणार. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर १.४ व्होल्टची असते आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढीच राहते. ती अंगाने बारीक, म्हणून भोवती रबरी कडी घालावी लागते. तिच्यावरची हवाबंद पट्टी काढल्यावर ती वापरा न वापरा, काही आठवड्यांत किंवा फार तर दोन-तीन महिन्यांत संपते. कप्प्यात हिरवट-पांढरी भुकटी असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा, मग अल्कोहोलने.

काळा थर म्हणजे उजेड अडवणारा फोम, जो कुजून वितळला आहे. या वयाच्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात हे होतंच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी टूथपिक घेऊन सावकाश खरवडा. कॅमेरा उपडा धरा, म्हणजे कण शटरवर न पडता खाली पडतील. खाचांत काळा लोकरीचा दोरा घट्ट बसवला तरी चालतो, बिजागरीच्या बाजूला मात्र जाड फोमच लागतो. हे काम रोलच्या आधी करा. नंतर नाही.

भिंगरी

रोल घालाल तेव्हा वहीत प्रत्येक फोटोची नोंद ठेवा: वेग, ॲपर्चर, अंतर. दूरचा एक एफ १.७ वर, १ मीटरचा एक एफ १.७ वर, मधला एखादा. तिरप्या पडलेल्या पट्टीचा किंवा कुंपणाचा फोटो काढा, म्हणजे फोकस पुढे गेला की मागे ते दिसेल. मधेच टोपण लावून कॅमेरा चारी बाजूंनी थोडा वेळ उन्हात फिरवा आणि ते कुठल्या फोटोनंतर केलं ते लिहून ठेवा. फिल्म ओढताना रिवाइंडची कळ उलटी फिरते ना याकडे लक्ष द्या. फिरत नसेल तर फिल्म पुढे जातच नाहीये.

रोल३६

रोल धुऊन आला. फोम बदलला होता, तरी काही फोटोंत एका बाजूने नारिंगी पट्टा आहे. दूरचे फोटो धारदार. १ मीटरवर एफ १.७ ला डोळ्यांवर फोकस केला तर कान धारदार आलेत. चिकटपट्टीची चाचणी केली होती, त्यात अनंताला काच बरोबर होती. एक्सपोजर सगळीकडे छान, झिंक-एअर वापरली.

तांबडादिवा

निगेटिव्हच हातात घ्या, प्रिंट किंवा स्कॅन नको. तो पट्टा चौकटीच्या बाहेर, छिद्रांच्या कडेपर्यंत गेलाय का? गेला असेल तर उजेड झाकणाच्या फटीतून आलाय. चौकटीच्या आतच थांबला असेल तर उजेड काचेच्या बाजूने आला, म्हणजे शटर किंवा फ्लेअर (काचेत परावर्तित झालेला भटका उजेड). नारिंगी रंगावरून मला झाकण वाटतंय. रंगीत फिल्ममध्ये लाल उजेड टिपणारा थर सर्वांत तळाशी असतो, त्यामुळे पाठीमागून शिरलेला उजेड आधी त्यालाच लागतो.

रोल३६

छिद्रांच्या पलीकडे, थेट कडेपर्यंत. बिजागरीच्या बाजूने.

निळीशाई

मग बिजागरीचा फोम पातळ पडलाय. एक थर आणखी.

कृष्णधवल

फोकस आता तरफेचा प्रश्न आहे. अनंताला प्रतिमा जुळत नव्हत्या हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, आणि काच बरोबर आहे हे सिद्ध झालं. म्हणजे अंतरमापक जुळवायचा आहे. कोणत्या स्क्रूने ते होतं हे मॉडेलागणिक बदलतं, त्यामुळे याच मॉडेलची दुरुस्ती केलेल्या माणसाकडे द्या आणि त्याला चिकटपट्टीच्या चाचणीचा निकाल सांगा. त्याने आधी अनंत जुळवावा, मग १ मीटर तपासावा, मग पुन्हा अनंत.

तोवर कॅमेरा कपाटात ठेवू नका. ४० मिमीला एफ ८ वर काच ३ मीटरवर ठेवलीत तर साधारण २ ते ५ मीटरमधलं सगळं चांगलं धारदार येतं. ६.५ ते ७ मीटरवर ठेवलीत तर सुमारे साडेतीन मीटरपासून अनंतापर्यंत. तेव्हा अंतरमापकाकडे बघायचीही गरज नाही. खिडकीतून चौकटीबाहेरचं जगही दिसतं, कोण आत येतंय ते आधी कळतं, आणि शटर उडताना समोर अंधार होत नाही. याच सुखासाठी हे कॅमेरे वापरायचे. चेहऱ्याजवळचे, एफ १.७ चे फोटो दुरुस्तीनंतर.

रोल३६

हे करून बघतो. एक शेवटचं: भर उन्हात 'ए' वर ठेवलं की बटण परत अडतं. बॅटरी नवीन आहे. ४०० ची फिल्म, वेग १/६०.

तांबडादिवा

या वेळी उलटं कारण. भर उन्हात ४०० च्या फिल्मला एफ १६ आणि साधारण १/५०० लागतो, म्हणजे या कॅमेऱ्याचं टोकच. १/६० ला त्याला एफ १६ हूनही बरंच बारीक ॲपर्चर लागेल, ते त्याच्याकडे नाही, म्हणून अडवतोय. १/५०० करा. किंवा उन्हासाठी १०० ची फिल्म घाला, दोन स्टॉप मोकळे होतात.

कृष्णधवल फिल्म घालून पिवळा फिल्टर लावलात तरी चालेल. कॅनोनेटच्या मीटरचा डोळा काचेच्या रिंगच्या आतच असल्याने तो फिल्टरमधूनच बघतो, एएसए बदलायला नको. सांजवेळ, तुमच्या झोर्कीला मीटर नाही, तुम्ही पिवळ्या फिल्टरसाठी साधारण एक स्टॉप स्वतः वाढवायचा.